तीन ईव्ह्या आणि दोन झलू

मागच्या रविवारी भाचा आणि त्याचे दोन मित्र आमच्या कोथरूडच्या घरी हॉलमध्ये फरशीवर पसरून पोकेमॉन खेळत होते आणि एकदम एकजण ओरडला, "अरे तीन ईव्ह्या मिळाल्या मला!" (ईव्ही म्हणजे या गेममधला एक काल्पनिक प्राणी.) दुसरा म्हणाला ईव्ह्या काय, ईव्हीज म्हण. तिसऱ्याचं म्हणणं की काहीच लावायचं नसतं, एक ईव्ही, तीन ईव्ही. पाच मिनिटं नुसता गोंधळ. माझा चहा गार झाला पण मला उठवेना, कारण मला या प्रकाराचं जाम वेड आहे.

कंपनीचा नियम विचाराल तर तिसरा मुलगा बरोबर. पोकेमॉन मूळचा जपानी, पहिले गेम १९९६ चे, आणि जपानीत नामाला अनेकवचन लावावंच लागत नाही. तीन मांजरं म्हणजे 'सानबिकी नो नेको', त्यातलं नेको एकाला पण तेच आणि तिनाला पण तेच. इंग्रजीतही तसंच ठेवलं, एक पिकाचू, दहा पिकाचू. इंग्रजी खेळाडूंना ते फार खटकत नाही कारण त्यांच्याकडे शीप, डिअर, फिश असे न बदलणारे शब्द आधीपासून आहेत, आणि त्यातले बरेचसे पकडायच्या नाहीतर शिकारीच्या प्राण्यांचे. पोकेमॉन पण पकडायचेच असतात.

पण मला अडकवलं ते 'ईव्ह्या'नं. हा शब्द त्या पोराला कोणी शिकवला? गेममध्ये नाही, पुस्तकात नाही, शाळेत तर नाहीच. त्यानं तो तिथल्या तिथे बनवला, आणि बनवायला त्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागली, ईव्ही ती आहे की तो. गंमत बघा, गेममध्ये आठातल्या सात ईव्ही नर असतात. पण शब्द संपतो 'ई'वर, म्हणून मराठी कानाला ती वाटली बाई, आणि मग नदी-नद्या, पोळी-पोळ्या, तशी ईव्ही-ईव्ह्या. त्यानं तिला 'तो' म्हटलं असतं तर हत्तीसारखं झालं असतं, एक हत्ती, दहा हत्ती, काहीच बदल नाही. म्हणजे मराठीत अनेकवचनाचं भांडण हे खरं तर लिंगाचं भांडण असतं.

मुलं असे नियम नव्या शब्दांना आपणहून लावतात का, हे तपासायची पद्धत १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या बाईंनी काढली. साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवायचं आणि सांगायचं, हा वग. आता अजून एक आला, आता हे दोन...? आणि मुलं म्हणायची वग्ज. वग हा शब्द जगात कोणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळे मोठ्यांची नक्कल करून उत्तर येणं शक्यच नाही, नियम मुलाच्या डोक्यात असणारच. माझ्या मते भाषेवरचा इतका साधा आणि इतका सुंदर प्रयोग दुसरा नाही.

मग मी पण कागद-पेन्सिल घेतली. हा टिंबा, हे दोन? "टिंबे." ही गुपकी? "गुपक्या." हे मोपरू? "मोपरं." तिघंही एका सुरात, क्षणभरही न थांबता.

आता जरा व्याकरणाचा भाग आहे पण सोडू नका. काही शब्द अनेकवचनात बदललेलेच दिसत नाहीत. माइनक्राफ्ट या गेममधला क्रीपर नावाचा प्राणी घ्या, एक क्रीपर आला, चार क्रीपर आले, बदललं फक्त क्रियापद. पण पुढे प्रत्यय लावला की लपलेलं अनेकवचन बाहेर येतं, एक असेल तर "क्रीपरनं घर उडवलं" आणि चार असतील तर "क्रीपरांनी उडवलं". तो मधला 'आं' म्हणजे अनेकवचनाचं सामान्यरूप. आता पिकाचू घ्या आणि शेजारी विंचू ठेवा. दोन्ही 'तो', दोन्हींच्या शेवटी 'चू', दोन्हींचं अनेकवचन जसंच्या तसं. पण विंचवाला, विंचवाचं बिऱ्हाड असं आपण म्हणतो आणि "पिकाचवाला" कोणीच म्हणत नाही, पिकाचूला, पिकाचूंना असंच म्हणतात. म्हणजे ऊ-चा वा करणारा नियम जुन्या शब्दांपुरता उरलाय, नव्याला तो लागत नाही, आणि क्रीपरांना-वाला नियम मात्र अजून धडधडीत चालू आहे. कोणता नियम जिवंत आणि कोणता गोठलेला हे या नकली प्राण्यांमुळे स्वच्छ दिसतं.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं तर उत्तर म्हणून तो जुना फॉरवर्ड आला, संस्कृत कॉम्प्युटरसाठी सगळ्यात योग्य भाषा, नासानं सिद्ध केलंय. नासानं असं काहीही सिद्ध केलेलं नाही. १९८५ मध्ये तिथल्या रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकानं संस्कृत व्याकरणातली अर्थ मांडायची पद्धत आणि कॉम्प्युटरमधली पद्धत यातल्या साम्यावर एक लेख लिहिला होता, एवढंच. संस्कृतचं व्याकरण रचणाऱ्या पाणिनीचं काम इतकं मोठं आहे की त्याला खोट्या सर्टिफिकिटाची काय गरज?

शेवटचं चित्र मी मुद्दाम अवघड काढलं, लांब शेपटीचं, आणि म्हटलं, ही झलू. दोन? पहिल्यांदाच तिघं थांबले. मग भाचा म्हणाला "दोन झलू". आतून पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "झलवा." का गं आजी? "जळू-जळवा, सासू-सासवा, मग झलू-झलवा." भाच्यानं जळू कधी बघितलीही नाही, आणि सासवा हा शब्द त्याच्या कानावर येणार तरी कुठून. त्यानं चित्राखाली 'दोन झलू' लिहिलं, आईनं पिठाच्या हातानं पेन्सिल घेऊन शेजारी 'झलवा' लिहिलं. कागद फ्रिजवर लावलाय, अजून कोणी काहीच खोडलेलं नाही.