गुडघ्याच्या झिजेतील दाह : उपचारांची तुलना

गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात, म्हणजे झिजेच्या संधिवातात, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजत असतानाच सांध्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो. गुडघा सुजणे, जड वाटणे आणि त्यात पाणी होणे ही लक्षणे बहुतांशी या दाहाचीच असतात. कूर्चेचे सुटलेले कण अस्तरातील पेशींना चेतवतात, त्या पेशींतून स्रवणारी दाहकारक द्रव्ये कूर्चेचा ऱ्हास आणखी वाढवतात आणि हे चक्र चालू राहते. मात्र हा दाह सौम्य प्रतीचा असतो. अशा गुडघ्यातून सुईने काढलेले पाणी फिकट पिवळे, नितळ व चिकट असते आणि त्यात दर घन मिलिमीटरला पांढऱ्या पेशी सहसा २,००० पेक्षा कमी आढळतात. पाणी गढूळ निघाले, तर जंतुसंसर्ग किंवा स्फटिकांमुळे होणारा संधिवात आहे का, हे आधी तपासावे लागते.

सुरुवातीला डायक्लोफेनॅकसारखे दाहशामक औषध जेलच्या रूपात गुडघ्यावर लावणे योग्य ठरते. गुडघा त्वचेच्या जवळ असल्यामुळे ते उपयोगी पडते आणि रक्तात फारच थोडे उतरते. याच वर्गातील गोळ्याही वेदना कमी करतात, पण जठरात व्रण, मूत्रपिंडावर ताण आणि हृदयविकाराचा वाढीव धोका यांमुळे त्या कमीत कमी मात्रेत व थोडेच दिवस घ्याव्यात. वयस्क रुग्णांत, ज्यांना हा आजार सर्वाधिक होतो, हा फरक निर्णायक असतो. पॅरासिटामॉल दाहावर फारसे काम करीत नाही आणि या आजारात त्याचा वेदनाशामक परिणामही अल्प असतो.

सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन सूज सर्वांत लवकर उतरवते, परंतु त्याचा लाभ बहुधा काही आठवड्यांपुरताच टिकतो. सांध्याच्या अस्तराला दाह असलेल्या १४० रुग्णांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर १२ आठवड्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड वर्गातील ट्रायअ‍ॅम्सिनोलोन किंवा मिठाचे पाणी टोचण्यात आले. शेवटी दोन्ही गटांच्या वेदनांत लक्षणीय फरक नव्हता आणि स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा अधिक झिजली होती. म्हणून उपचारांची तुलना वाचताना मोजमाप कधी झाले हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण चौथ्या आठवड्यात श्रेष्ठ ठरलेला उपाय वर्षअखेरीस मागे पडू शकतो. २०२० मधील १५६ रुग्णांच्या चाचणीत एका वर्षानंतर भौतिकोपचार (फिजिओथेरपी) घेणाऱ्यांच्या वेदना व हालचालींतील अडचणी स्टेरॉइड घेणाऱ्यांपेक्षा कमी होत्या.

तुलना कशाशी झाली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सांध्यात नुसते मिठाचे पाणी टोचले तरी अनेकांना आराम वाटतो. त्यामुळे त्याच्याशी तुलना केल्यास, वंगणासारखे म्हणून सांध्यात टोचल्या जाणाऱ्या हायल्युरॉनिक आम्लाचा अतिरिक्त लाभ फार लहान भरतो. रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेले, प्लेटलेटने समृद्ध असे प्लाझ्मा २०२१ च्या २८८ जणांच्या चाचणीत मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. हे उपाय महागडे असतात, हे लक्षात घेता रुग्णांना ही माहिती आधीच मिळायला हवी. इंटरल्यूकिन-१ हे दाहकारक द्रव्य रोखणारी औषधेही गुडघ्याच्या या आजारात अपेक्षेला उतरलेली नाहीत.

वजन घटवणे हा दाहावरचाही उपाय आहे, कारण चरबीच्या ऊतींतून दाहकारक द्रव्ये स्रवतात. जास्त वजनाच्या ४५४ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ महिन्यांनंतर आहार व व्यायाम दोन्ही पाळणाऱ्यांच्या वेदना केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी होत्या आणि रक्तातील इंटरल्यूकिन-६ या दाहकारक द्रव्याचे प्रमाणही कमी होते.

व्यायामाचा परिणाम सावकाश दिसतो. त्यात सूज स्वतःच आड येते, कारण गुडघ्यात पाणी असेपर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावता येत नाही. अशा वेळी पाणी काढून स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन देणे समर्थनीय ठरते, मात्र सूज उतरताच स्नायू बळकट करणारा व्यायाम सुरू झाला पाहिजे.