तोंडात हवा भरून बिळात उतरणारा मासा

ऐरोलीहून ठाणे खाडीत बोट निघाली की सगळ्यांच्या दुर्बिणी फ्लेमिंगोंकडे वळतात. मी ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलाकडे बघत बसते. तिथं मातकट रंगाचे, बोटभर लांबीचे मासे पाण्याबाहेर सरपटत असतात. मधूनच एखादा शेपटीच्या झटक्यानं टुणकन उडतो. हे निवटे. इथल्या कोळी-आगरी घरांत त्यांचं कालवण आवडीनं खाल्लं जातं.

उष्ण कटिबंधातलं जंगल म्हटलं की आपल्याला ॲमेझॉन आठवतं. दारातली खारफुटीही त्याच पट्ट्यातली, आणि राहायला फार कठीण जागा. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून तर तिवराची झाडं श्वासासाठी पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर काढतात. निवट्यानं नेमका उलटा मार्ग धरला: तो हवाच खाली, चिखलातल्या आपल्या बिळात नेतो. पण ते बीळ बघण्याआधी त्याचं बाहेरचं जगणं बघू.

पाण्याबाहेर तो कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडा-घशाच्या अस्तरातूनही प्राणवायू घेतो. अंग सुकलं तर सगळंच अडेल, म्हणून तो पुन्हा पुन्हा ओल्या चिखलात लोळतो. चालताना पुढचे दोन पर कुबड्यांसारखे टेकवून अंग पुढं ओढतो. डोळे डोक्याच्या अगदी वर, बेडकासारखे. बहुतेक माशांना डोळे मिटता येत नाहीत, निवट्याला येतात: डोळा खाली खोबणीत ओढला जातो आणि कातडीची वाटी त्यावर चढते. डोळा ओला राहावा, साफ व्हावा आणि त्याला इजा होऊ नये, या तिन्ही कामांसाठी ही उघडझाप होते, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्या पापण्याही हेच करतात!

आता बीळ. भरतीत ते पाण्यानं भरतं आणि त्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. मग आत घातलेली अंडी जगणार कशी? मलेशियातल्या निवट्यांवर संशोधन करणाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं, की हे मासे तोंडात हवा भरून बिळात नेतात आणि आत साठवतात. एका खेपेत मावते ती तोंडभर हवा, म्हणून खेपांवर खेपा.

जपानमधल्या एका जातीत याच्याही पुढची गोष्ट आढळली आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. बीळ आधी खाली जाऊन पुन्हा वर वळतं, इंग्रजी 'जे' अक्षरासारखं. त्या वर वळलेल्या टोकाशी हवा अडकून राहते. अंडी तिथं भिंतीला आणि छताला चिकटवलेली, पाण्यात नाही, हवेत! राखण करतो बाप. तो तोंडानं हवा आणून त्या कोठडीत सोडत राहतो.

पण अंडी फुटायला मात्र पाणीच लागतं. पिल्लं तयार झाली की रात्रीच्या चढत्या भरतीत बापाचं काम उलटं फिरतं. इतके दिवस जपलेली हवा तो घोट घोट तोंडात घेतो आणि बिळाबाहेर नेऊन सोडतो. कोठडीत पाणी चढतं, अंडी बुडतात आणि पिल्लं बाहेर पडतात.