भुलीनंतरची घसादुखी

पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे शस्त्रक्रियेनंतर होणारा घशाचा त्रास. ऑपरेशन पित्ताशयाचे आणि आवंढा गिळताना दुखतो घसा, यामुळे रुग्ण बुचकळ्यात पडतो. घसा खवखवतो, आवाज बसतो, कोरडा खोकला येतो. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या भुलीत नळी नसते, त्यामुळे हा प्रश्नही नसतो.

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांनी रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग स्वरतंतूंच्या मधून नळी आत सरकवून यंत्राने श्वास द्यावा लागतो. भुलीसाठी तोंडावाटे अशी नळी ग्लासगोचे शल्यचिकित्सक विल्यम मॅक्यूअन यांनी १८७८ मध्ये घातली, तीही रुग्ण जागा असताना, बोटांनी चाचपत.

नळी जाड असली किंवा ती घालताना पुन्हापुन्हा प्रयत्न करावे लागले, तर घसा जास्त दुखतो. स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. पण खरी मेख नळीच्या टोकाजवळच्या फुग्यात आहे. त्याला ‘कफ’ म्हणतात. छातीतल्या कफाशी त्याचा संबंध नाही! हवा गळू नये आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरू नये म्हणून तो फुगवतात. त्यातला दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका हवा. त्यापुढे गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा आवळला जातो. कफाला जोडलेला, तोंडाबाहेर राहणारा छोटा फुगा बोटांनी दाबून केलेला अंदाज अनेकदा चुकतो. दाबमापक लावणेच बरे. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरल्यास तो कफात झिरपतो आणि ऑपरेशन चालू असतानाच दाब वाढत जातो.

उपायांत घरगुती ज्येष्ठमधालाही जागा आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील भूलतज्ज्ञांनी भुलीपूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करायला देऊन पाहिल्या आणि घसादुखी कमी झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्रास सुरू झाल्यावर मात्र, डॉक्टरांनी पाणी प्यायला परवानगी दिली की, कोमट पाण्याचे घोट आणि साधे वेदनाशामक बहुधा पुरते.

श्वास घेताना घरघर, ताप, मानेवर सूज किंवा आठवडा उलटूनही बसलेला आवाज, यांपैकी काही असेल तर लगेच दाखवावे. गायक, शिक्षक, कीर्तनकार यांनी भूलपूर्व तपासणीतच आपला व्यवसाय सांगावा, म्हणजे शक्य असेल तेथे बारीक नळी निवडता येते.