महिला मंडळ (सोलापूर)

महिला मंडळ म्हणजे एका गल्लीतल्या, सोसायटीतल्या, जातीसमाजातल्या किंवा नुसत्या ओळखीतल्या बायकांनी मिळून चालवलेली संस्था. निम्मं काम आपसातलं, म्हणजे भिशी, हळदीकुंकू, भोंडला, मंगळागौर, वर्षातून एक सहल, आणि निम्मं समाजासाठीचं. सोलापुरात कुणी याला मंडळ म्हणतं, कुणी क्लब, कुणी भगिनी समाज, आणि घरातली पुरुषमंडळी सरसकट सगळ्यालाच भिशी म्हणतात. "हिची आज भिशी आहे" या एका वाक्यात रक्तदान शिबिरापासून पाककृती स्पर्धेपर्यंत काहीही बसतं.

सोलापूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांचं गाव, त्यामुळे इथली मंडळंही तशीच. पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या पट्ट्यात पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या बायका नवरात्राच्या सुमाराला फुलांची बतुकम्मा मांडतात, लिंगायत घरांत संत अक्कमहादेवीच्या नावाने बायका जमतात आणि वचनं म्हणतात, आणि रेल्वे लाईन्स, सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर इकडे सोसायट्यांची आणि क्लबांची गर्दी जास्त. मिटिंग मराठीत चालते, हिशोब मराठीत लिहिला जातो, पण शेजारणीच्या कानात जे सांगायचं ते मात्र आपापल्या भाषेत.

सुरुवात कशी झाली

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या आणि गाव फुगलं. माणसं आली ती हातमाग घेऊन, भूक घेऊन आणि रोगराई घेऊनही. बाळंतपणात बाई दगावणं ही तेव्हा रोजची गोष्ट होती आणि पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायला घरचे तयार नसायचे. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून फंड काढला, ठिकठिकाणी त्यांच्या नावाने दवाखाने झाले, आणि सोलापुरात ते नाव चौकाला चिकटलं ते चिकटलंच. आज डफरीन चौकात रिक्षा पकडणाऱ्या किती जणांना माहीत असेल की हे एका बाईचं नाव आहे आणि गोष्ट बायकांच्या बाळंतपणाची आहे? अमेरिकन मराठी मिशननेही याच गावात मुलींसाठी शाळा काढली, वोरोनोको हे तिचं नाव सोलापूरकर न अडखळता घेतात.

आपल्या बायकांनी आपणहून एकत्र यायची वाट पुण्यामुंबईकडून आली. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. सेवासदनाची कल्पना अशी की विधवा, टाकलेल्या, गरीब बायकांना शिकवायचं, नर्स किंवा शिक्षिका करायचं, म्हणजे त्या कुणाच्या दारात उभ्या राहणार नाहीत. सोलापुरात सेवासदनची शाळा आजही आहे. जैन समाजात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने असंच मोठं काम उभं केलं, त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन्ही संस्था गल्लीतल्या मंडळापेक्षा कितीतरी मोठ्या, पण गल्लीतल्या मंडळाने शिलाईचा वर्ग काढला की नक्कल यांचीच असते.

गल्लीतलं मंडळ मात्र वेगळ्या गरजेतून जन्माला आलं, आणि ती गरज म्हणजे घराबाहेर पडायला निमित्त हवं. सुनेने दुपारी मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाते म्हटलं तर सासूच्या कपाळाला आठी, पण मंडळाने अनाथ मुलांना फराळ द्यायचाय, चिवडा करायला चाललेय म्हटलं तर सासू स्वतः पोहे चाळून द्यायची. समाजकार्य हे बऱ्याच वर्षांचं परवानगीपत्र होतं असं माझं मत आहे आणि यात कमीपणा काहीच नाही, चिवडा तर खराच जायचा ना.

भिशी

मंडळाची तिजोरी म्हणजे भिशी, म्हणून ती नीट सांगायला हवी. समजा वीस बायका आहेत आणि महिन्याला प्रत्येकी १,००० रुपये. दर महिन्याला २०,००० जमतात, स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, घरातल्या सगळ्यात लहान पोराला उचलायला लावतात आणि जिचं नाव निघेल तिला रक्कम मिळते. नाव एकदा निघालं की चिठ्ठी डब्यातून बाहेर, वीस महिन्यांत सगळ्यांचा नंबर लागतो. व्याज नाही, कागद नाही, आधार आहे तो फक्त ओळखीचा. बऱ्याच मंडळांत असा रिवाज असतो की जिला भिशी लागली तिने त्यातले शंभर-दोनशे मंडळाच्या डब्यात टाकायचे. दोनशे धरले तर वीस महिन्यांत चार हजार, म्हणजे दोन मुलींची वह्या-पुस्तकं-गणवेश निघतो. कुणाला हसू येईल, पण याला ना सरकारी अनुदान लागतं ना पावती पुस्तक.

बचत गट आणि भिशी यात बरेच जण घोळ करतात. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, त्यात खातं असतं, ठराव असतो, कर्ज मिळतं. महाराष्ट्रात त्याआधीच, १९७५ च्या महिला वर्षात, महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम निघालं होतं. पेठांतली कितीतरी मंडळं पुढे बचत गट झाली, काहींनी दोन्ही ठेवलं, गट बँकेसाठी आणि भिशी मनासाठी.

क्लब

इनरव्हील ही क्लब पद्धतीची संस्था. १० जानेवारी १९२४ ला मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटेरियनांच्या, म्हणजे रोटरी क्लबच्या सभासदांच्या, बायकांना घेऊन ती सुरू केली, भारतातला पहिला क्लब १९५५ मध्ये अहमदाबादला झाला आणि नंतर सोलापुरातही आला. वर्ष १ जुलैला सुरू होतं, दरवर्षी नवीन अध्यक्षा आणि अध्यक्षांच्या गळ्यात पदाची कॉलर. रोटरी आणि लायन्स या मूळ क्लबांनी बायकांना सभासद करून घेतलं ते १९८७ च्या पुढे, तोवर नवऱ्याच्या क्लबच्या बाजूला आपला क्लब अशीच व्यवस्था होती. आता अनेक घरांत बायको रोटेरियन आणि नवरा नुसता फोटो काढायला.

काम काय करतात

सगळ्यात सोलापुरी काम म्हणजे कडक भाकरी. मालदांडी ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि पुन्हा मंद आचेवर वाळवून पापडासारखी कडक करायची. मग ती कित्येक दिवस टिकते, तिला फ्रिज नको, गरम करायला नको, सोबत उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, तेल सुटलेली, तीही टिकते. पूर आला, भूकंप झाला, वारी आली की इतर गावं बिस्किटचे पुडे पाठवतात, सोलापूर भाकरी पाठवतं. पोळी दुसऱ्या दिवशी चिवट होते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते हे पुरात अडकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एकच अडचण, भाकरी मोडते. म्हणून थप्पीच्या खाली आणि वर पुठ्ठा, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात उभी नव्हे, आडवी, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 'भाकरी आहे, टाकू नका'. उद्योगवर्धिनीसारख्या संस्थेने याच भाकरी-चटणीवर बायकांचा रोजगार उभा केला.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. जखमींना सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणलं गेलं. जुन्या मंडळांत त्या दिवसांच्या आठवणी अजून निघतात, साड्या गोळा केल्या तेव्हा लोकांनी फाटक्याही दिल्या आणि मग बायकांनी बसून ढीग वेगळे केले, नेसता येतील अशा आणि गोधडीला जातील अशा. तेव्हापासून शहाण्या मंडळांचा नियम आहे, जी साडी आपण स्वतः नेसून बाहेर जाणार नाही ती द्यायची नाही. आषाढीला शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते, तेव्हा वारकऱ्यांना चहा, पाय चोळायला तेल, औषधं असं काम असतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा तर पूर आपल्याच जिल्ह्यात होता.

रक्त तपासणी हे दुसरं महत्त्वाचं काम, बाकीच्या शिबिरांपेक्षा मला हेच पटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की कमी, आणि शिबिरात आठ-नऊवाल्या बायका "मला काही होत नाही हो, नुसतं दमल्यासारखं होतंय" म्हणत रांगेत उभ्या असतात. शेंगदाणा-गुळाची चिक्की वाटून फोटो काढायचा हे सोपं, लोहाच्या गोळ्या तीन महिने घेते की नाही हे बघायला तिच्या घरी जायचं हे अवघड.

आणि मग शिलाई मशीन. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीत तर दहा हजार घरं विडी कामगार बायकांची, २००६ मध्ये त्यांचा ताबा दिला. विडीचं काम म्हणजे पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, असं हजार झाल्यावर मजुरी. माझ्या माहितीतल्या एका मंडळाने अशा एका बाईला हार-नारळ-फोटो करून मशीन दिली. सहा महिन्यांनी मंडळाच्या बायका सहज गेल्या तर मशीनवर चादर आणि चादरीवर विडीची पानं वाळत घातलेली. ती म्हणाली, "ताई, हजार विड्या झाल्याशिवाय उठता येत नाही, अन् ब्लाऊज शिवायला देणार कोण, गल्लीत सगळ्याच विडीवाल्या." पुढच्या वर्षी त्या मंडळाने मशीनचे पैसे तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला दिले, आणि मशीन मात्र तिथेच राहिली, पानं वाळवायला.

नोंदणी आणि भांडणं

मंडळ रजिस्टर करायचं तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, किमान सात सभासद, घटना, आणि मग धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या. पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट भरावा लागतो, तो न भरल्यामुळे कित्येक मंडळांच्या कागदावर अजून त्याच अध्यक्षा आहेत ज्यांचा नातू आता इंजिनीअर झालाय. भांडणं पैशावरून कमी आणि स्टेजवर कोण बसणार यावरून जास्त होतात. फुटलेल्या मंडळाची दोन मंडळं होतात, दोघींचं हळदीकुंकू एकाच रविवारी, आणि वाण काय दिलं याची बातमी संध्याकाळपर्यंत इकडून तिकडे.

मिटिंगची वेळ ठरवताना पंचांगाआधी नळाचं वेळापत्रक बघतात, कारण शहरात पाणी काही दिवसांआड येतं आणि पाण्याच्या दिवशी घर सोडून कुणीच येत नाही. त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या निमंत्रणात साडीचा रंग असतो, डब्यात काय आणायचं ते असतं, आणि शेवटी एक ओळ असते, 'भवानी पेठवाल्यांचं त्या दिवशी पाणी आहे का, आधी कळवा.'