बाकी आधी काढून मग भागाकार? थांबा

ज्या मोठ्या गणितात शेवटी एखाद्या संख्येने भागून उरणारी बाकीच हवी असते, त्यात मध्येच बाकी काढत गेलं तरी उत्तर बिघडत नाही, हे बेरीज, वजाबाकी, गुणाकारापुरतंच खरं. भागाकारात नाही.

० पासून निघा. दर वेळी ५ ने गुणून १ मिळवा: ०, १, ६, ३१. सूत्राने ३१ म्हणजे (५³ − १) ÷ ४, अर्थात १२४ ÷ ४. ३१ ला ८ ने भागल्यावर बाकी ७. पण १२४ ची बाकी आधीच काढली तर ४ उरतात, त्यांना ४ ने भागून १. साफ चूक!

‘४ च्या गुणाकार व्यस्ताने (४ ला जिने गुणल्यावर ८ ने भागून बाकी १ उरेल, अशा संख्येने) गुणा’ हा नेहमीचा सल्लाही इथे चालत नाही: ४ आणि ८ मध्ये सामाईक अवयव आहे, त्यामुळे तसा व्यस्तच नसतो. त्याऐवजी १२४ ची बाकी ८ × ४ म्हणजे ३२ ने काढा: २८. मग ४ ने भागा: ७.