व्हेगासच्या वाटेवर सवारो नसतो

लॉस एंजेलिसहून व्हेगासला जाताना गाडीतून काढलेला जोशुआ ट्रीचा फोटो आणि खाली ‘कॅक्टस!!’ हे दर नाताळच्या सुट्टीत ठरलेलं. जोडीला दुसरी तक्रार: ‘फीनिक्सला गाडीने गेलो, पण ते हात वर केलेले उंच कॅक्टस, म्हणजे सवारो, निम्म्या रस्त्यापर्यंत दिसलेच नाहीत.’ दोन्हींचं मूळ एकच. व्हेगासचा आय-१५ आणि फीनिक्सचा आय-१० हे महामार्ग ‘वाळवंटातले रस्ते’ म्हणून एकाच खात्यात जमा होतात. वाळवंटं मात्र दोन आहेत. आय-१५ जातो मोहावीतून, आय-१० सोनोरनमधून.

आय-१५ तुम्हाला पाठ आहे, म्हणून भरभर. कहोन पासचा चढ, बारस्टोला जेवण, झायझिक्स या विचित्र नावाच्या पाटीवर हसणं, बेकरचा १३४ फुटी थर्मामीटर (डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची आठवण), मग प्रिमच्या अलीकडे इव्हानपाहचे तीन सौर मनोरे. या सगळ्यात एकच गोष्ट बघण्यासारखी आहे आणि तीच कोणी बघत नाही: रस्ता सतत चढतो-उतरतो. बेकरची उंची हजार फुटांहूनही कमी, आणि तिथून पुढे माउंटन पास सुमारे ४,७०० फुटांवर. गाडी वर चढली की जोशुआ ट्री दिसू लागतात, खाली उतरली की गायब. त्यांना हिवाळ्यातला गारठा लागतो.

जोशुआ ट्री कॅक्टस नाही. ती युका आहे, आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातली. जवळ जाऊन बघा: काटे नाहीत, सुरीसारखी टोकदार पानं आहेत. एवढं पुरे.

खरी गफलत सवारोची. चित्रपटांच्या पोस्टरांनी आणि विमानतळावरच्या मगांनी तो अख्ख्या अमेरिकन पश्चिमेला वाटून टाकलाय. व्हेगासच्या दुकानात सवारोचं चित्र असलेला टीशर्ट दिसला की मला तो उलटा टांगून ठेवावासा वाटतो. लॉस एंजेलिस ते व्हेगास या अख्ख्या रस्त्यावर एकही रानटी सवारो नाही.

यावर जाणकार मंडळी सांगतात, ‘सवारोला थंडी सोसत नाही ना, म्हणून.’ खरं आहे, पण अर्धवट. चोवीस तासांच्या आसपास सलग गोठणबिंदूखाली राहिलं तर सवारो जगणं कठीण. याचा पुरावा हवा असेल तर फीनिक्सहून ग्रँड कॅन्यनला जाताना आय-१७ वर बघा. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढे घाट लागतो, दोन्ही उतारांवर सवारोंची गर्दी असते, आणि सनसेट पॉइंटच्या पठारावर पोचताच समोर नुसतं गवत. काही मिनिटांत रेषा संपते.

आता हाच नियम आय-१० ला लावून बघा. पाम स्प्रिंग्जच्या पवनचक्क्या मागे पडल्या, इंडिओ गेलं, चिरिआको समिट गेलं, ब्लाइद आलं. हा सगळा पट्टा खालचा आणि उबदार. कडाक्याची थंडी नाही. नकाशात हे सोनोरन वाळवंटच आहे. तरी सवारो नाही! नुसती क्रिओसोटची झुडपं आणि वाळू. (पाम स्प्रिंग्जच्या बागांमधले सवारो लावलेले आहेत, ते धरू नका.) म्हणजे थंडीचं उत्तर इथे चालत नाही.

उत्तर आहे उन्हाळ्यातला पाऊस. अ‍ॅरिझोनाला जुलै ते सप्टेंबर मान्सून मिळतो, दुपारी ढग, संध्याकाळी गडगडाट. तुसॉनला वर्षाला साधारण ११ इंच पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा या महिन्यांत. कॅलिफोर्नियाच्या बाजूला हा मान्सून जेमतेम पोचतो. तिथली मदार हिवाळी पावसावर. सवारोचं सगळं वेळापत्रक या सरींवर बेतलेलं आहे. मे-जूनमध्ये फुलं, जूनच्या अखेरीस फळं, बी जमिनीवर पडतं न पडतं तोच पाऊस. ओल मिळाली नाही तर रोप तगत नाही. मोठ्या झाडाची मुळं उथळ आणि लांब पसरलेली, खोडाला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या. सर आली की खोड फुगतं. या वाळवंटातले मूळ रहिवासी तोहोनो ओओदाम लोक ही फळं उतरवून पाक आणि मद्य करतात, आणि त्यांचं वर्षही या हंगामापासून सुरू होतं.

म्हणून आय-१० वर कोलोरॅडो नदी ओलांडून अ‍ॅरिझोनात शिरल्यावर मान वळवायला लागा, त्याआधी नको. क्वार्ट्झसाइटच्या पुढे खडकाळ उतारांवर बघा. सपाट खोऱ्यात सवारो कमी, कारण थंड हवा खाली साचते. हात फुटायला साधारण ५० ते ७५ वर्षं लागतात, तेव्हा सरळसोट खांब दिसला तर ‘वाळलेला दिसतोय’ म्हणू नका, तो अजून लहान आहे. आणि सवारोच बघायचे असतील तर महामार्गावर समाधान मानू नका. तुसॉनच्या दोन्ही अंगांना सवारो नॅशनल पार्क आहे, तिथे जा.

आणखी एक रुखरुख सांगून टाकतो. जोशुआ ट्री नॅशनल पार्कचं दक्षिण दार आय-१० लगत आहे, म्हणून लोक तिथूनच आत शिरतात आणि मैलोगणती एकही जोशुआ ट्री न दिसल्यावर पार्कलाच नावं ठेवतात. तो भाग सखल आहे, सोनोरनचा. झाडं पश्चिमेच्या अर्ध्या भागात, साधारण ३,००० फुटांच्या वर. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर जोशुआ ट्री गावाकडच्या दारानेच न्या.

जोशुआ ट्री आणि सवारो शेजारी-शेजारी बघायचेच असतील तर फीनिक्स आणि व्हेगासला जोडणारा यूएस-९३ धरा. विकेनबर्ग आणि विकिअप यांच्या दरम्यान एक पट्टा लागतो, तिथे त्याला जोशुआ फॉरेस्ट पार्कवे म्हणतात. उंची अशी मधली की जोशुआला पुरेसा गारठा आणि सवारोला अजून सोसेल इतपत थंडी. मला विचाराल तर दोन्ही इंटरस्टेटपेक्षा हाच रस्ता सरस. पेट्रोल विकेनबर्गला भरून घ्या आणि पोरांना मोबाइलमधून डोकं वर काढायला सांगा.