कुडल संगम (हत्तरसंग)

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात, त्या काठावरचे प्राचीन शिवक्षेत्र. सोलापूरपासून अंतर सुमारे ४० किमी. विजयपूर रस्त्याने मंद्रूपकडून जावे लागते. हत्तरसंग आणि कुडल ही नावे बोलण्यात जोडूनच येतात. ‘कूडल’ हा कन्नड शब्द आणि त्याचा अर्थच संगम. भीमेपलीकडे कर्नाटक लागतो, त्यामुळे या भागात दोन्ही भाषा सारख्याच घरच्या. बागलकोट जिल्ह्यात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, बसवेश्वरांचे ऐक्यस्थळ (समाधीचे ठिकाण) असलेले कूडलसंगम आहे. ते क्षेत्र निराळे, पण नावामुळे दोहोंची गल्लत नेहमी होते.

त्रिपुरासुराचा वध करून दमलेल्या शंकराच्या अंगावरून घाम ओघळला आणि त्यातून भीमा जन्मली, अशी तिच्या उगमाची कथा आहे. पंढरपुरात चंद्रभागा म्हणून पुजली जाणारी हीच नदी पुढे इथे येते, तेव्हा तिच्या काठी शिवाचीच मंदिरे असावीत हे भाविकांना अगदी साहजिक वाटते.

कुडलचे खरे मोल संगमेश्वर मंदिराच्या एका तुळईवर आहे. सभामंडपातल्या या दगडी तुळईवर शके ९४०, कालयुक्त संवत्सर असा काळ कोरलेला लेख आहे. इसवी सनाच्या हिशेबात तो १०१८-१९ चा ठरतो. त्या वेळी या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल होता आणि गादीवर दुसरा जयसिंह होता. राजदरबारी कन्नडला मान असलेल्या या प्रदेशात लेखाचे शेवटचे वाक्य मात्र मराठी आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’. जो हे वाचील तो विजयी होईल. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. त्याआधी श्रवणबेळगोळचा लेख आद्य मराठी म्हणून शाळेत शिकवला जाई. अलिबागजवळच्या समुद्रकाठच्या अक्षी गावातला लेख शके ९३४ चा मानला जातो, म्हणून पहिला मान कोणाचा यावर अभ्यासकांत वाद आहे. पण क्रमांक कोणताही ठरो, हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यातला ‘तो’ आपण आजही जसाच्या तसा बोलतो. शिवाय लेखांच्या शेवटी बहुधा दान मोडणाऱ्याला शाप असतो. इथे वाचणाऱ्याला आशीर्वाद आहे. एवढ्यासाठी तरी मराठी माणसाने एकदा इथे यावे.

जवळचे हरिहरेश्वर मंदिर दीर्घकाळ मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडलेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उकरून मोकळे करण्यात आले. हरी आणि हर यांची दोन गर्भगृहे आणि खिद्रापूरच्या कोपेश्वराची आठवण करून देणारा, वर छत उघडे असलेला स्वर्गमंडप ही त्याची वैशिष्ट्ये. याच कामात बहुमुखी शिवलिंग सापडले. त्याच्या पृष्ठभागावर ओळीने ३५९ मुखे कोरली असून मूळ लिंग धरून ती ३६० मोजतात. जवळ उभे राहून एकेक ओळ पाहिली की चेहऱ्यांतले फरक दिसू लागतात. हे लिंग घाईने पाहून निघणे म्हणजे न पाहण्यासारखेच आहे.

श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी असते; एरवी इथे शांतता असते. थंडीत जावे. तेव्हा शिवारात ज्वारी उभी असते आणि उन्हाचा तापही नसतो. भाकरी आणि शेंगाचटणी सोबत बांधून न्यावी. पावसाळ्यात दोन्ही नद्यांना एकदम पाणी येते, तेव्हा काठाला उतरू नये. लेख वाचायचा तर विजेरीचा उजेड समोरून न टाकता एका बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली धरते आणि अक्षरे उठून दिसतात. त्यांवर खडू किंवा तेल मात्र कोणी लावू नये.